न विचारता उघडायचा डबा

रेवाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एकाला झापत होते. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. माझी लेक ऑफिसच्या वेळात फोन करत नाही, मेसेज टाकते, तोही अर्ध्यामुर्ध्या शब्दांत. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसताच झापणं अर्धवट सोडून मी फोन उचलला. "आई, रूथआजी गेली," ती म्हणाली. "हॉस्पिटलमधून अनिलकाकांचा फोन आला होता. मी खालच्या घराची किल्ली घेतलीय, खिडक्या उघडल्यात, शेजारून खुर्च्या आणवल्यात. बाबांना कळवलंय. प्रेसवाल्या भैयांना पण सांगितलंय, ते सगळ्या मुलांच्या घरी निरोप देतील. तू ये." परीक्षेच्या तयारीची सुट्टी होती म्हणून ती घरी होती. चौदा वर्षांची पोर. यातलं एकही काम तिनं मला विचारून केलं नव्हतं... नोएडातल्या त्या काचेच्या खोलीत, समोर तो बिचारा इंजिनीअर मान खाली घालून उभा असताना, मला हुंदका फुटला. रूथताई गेल्या म्हणून, की लेकीनं विचारलं नाही म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी त्या मुलाला जा म्हटलं, बॅग उचलली आणि निघाले.

त्याला आता दीड महिना झाला. रूथ साळवे हे नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, दहाव्या वर्षापासून दिल्लीत. पालिकेच्या शाळेत तीसेक वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर नोएडात बिनलिफ्टच्या चारमजली इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. अंगानं किडकिडीत, सुती साडी, पायात पुरुषी सँडल, आणि बोलणं अर्धं नगरचं, अर्धं दिल्लीचं. "अगं यार वैशाली, तुझी भाजी बिल्कुल करपली, वास खालपर्यंत आला बघ." सेक्टरमधल्या मंडळाच्या गणपतीत आरत्या त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ, आणि नाताळातल्या त्यांच्या करंज्या माझ्या आईच्या करंज्यांपेक्षा सरस. (आई हे वाचणार आहे, तरी लिहितेय.) माणूस गेल्यावर चारचौघं म्हणतात तसं प्रेमळ होत्या, परोपकारी होत्या वगैरे मी म्हणणार नाही. प्रेमळ कसल्या! पहिले सहा-सात महिने मला त्या डोळ्यांसमोर नकोशा व्हायच्या. इमारतीतल्या निम्म्या बायकांना त्या खडूस वाटायच्या आणि तसं वाटायला कारणंही भरपूर होती.

आम्ही आठ वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे आलो. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चांगली जागा मिळाली आणि मला नोएडात. एक टोक इकडे, दुसरं तिकडे. घर कुठे घ्यायचं यावर पंधरा दिवस भांडलो. मी जिंकले, त्यामुळे तो बिचारा सकाळी सहाला घर सोडायचा तो नऊला परत उगवायचा. अशा घरात सहा वर्षांच्या पोरीचे हाल कशाला करायचे? शिवाय दिल्लीची हवा, तिकडची हिंदी, नवी शाळा... म्हणून मी ठरवलं, रेवा पुण्यातच राहील, माझ्या आईबाबांकडे. सातारा रस्त्यावरचं सवयीचं घर, शेजारची ओळखीची माणसं, तीच शाळा, तीच रिक्षा. दोनच वर्षं, मग बघू. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. "किती विचार करून पाऊल टाकते वैशाली," असं माझ्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, म्हणजे बघा. लेकरू आजीआजोबांकडे आहे, परक्याकडे थोडंच आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. रेवा केस विंचरून फोनसमोर बसायची. जेवलीस? हो. अभ्यास? झाला. कशी आहेस? मजेत. मला वाटायचं, किती समंजस आहे माझं बाळ.

सामान उतरलं त्या दिवशी रूथताई चहाचा थर्मास घेऊन तीन मजले चढून वर आल्या. घर फिरून पाहिलं. लहान खोलीत मी रेवासाठी छोटा पलंग लावला होता, ससे छापलेले पडदे लावले होते. "मुलगी कुठाय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, दोन वर्षांचा हिशेब, हवा, शाळा, सगळं. त्या म्हणाल्या, "अच्छा." बस्. तुम्ही दिल्लीत राहिला असाल तर हा 'अच्छा' तुम्हाला ठाऊक असेल, त्यात होकारही नसतो आणि नकारही नसतो. मला तो झोंबला. थर्मास मी दुसऱ्या दिवशी धुऊन कामवालीच्या हाती परत पाठवला, स्वतः गेले नाही.

भांडण व्हायचं होतं ते शनिवारवरून झालं. शनिवारी सकाळी खालून गलका सुरू व्हायचा, पंधरा-वीस पोरांचा. आठवड्यात एक दिवस उशिरापर्यंत झोपायला मिळायचं, त्यावर हे पाणी. तिसऱ्या शनिवारी मी गाऊनवर ओढणी टाकून तरातरा खाली उतरले. दार सताड उघडं. हॉलभर मुलं. कपडे इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याची दोघं, वॉचमनच्या तिघी, दोन-तीन आमच्यासारख्या मराठी घरांतली, आणखी कुणाकुणाची. कुणी चित्रं काढतंय, कुणी पाढे म्हणतंय, दोघं सरळ मारामारी करताहेत. भिंतीशी बुटकं कपाट, त्याच्या खालच्या फळीवर निळा पत्र्याचा डबा. त्या डब्याशी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी हात मागे बांधून उभी. ती सबीना, बंगालातल्या माल्द्याहून महिन्यापूर्वी आईपाशी आलेली. आई आमच्या गल्लीत चार घरी स्वयंपाक करायची आणि मुलगी इतके दिवस गावी मामीकडे होती. "नानी, एक ले लूँ?" तिनं विचारलं. रूथताई खिडकीशी मेथी निवडत बसलेल्या. ढिम्म हलत नाहीत. मुलीनं पुन्हा विचारलं. पुन्हा. बाई आपल्या मेथी निवडताहेत. मला राहवेना, मी ओरडले, "अहो, ती मुलगी काहीतरी विचारतेय तुम्हाला!" त्यांनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाल्या, "ऐकू येतंय मला. तू बस." मुलगी तशीच उभी राहिली, मग परत जाऊन आपल्या जागेवर बसली. दुसरी पोरं येत होती, डबा उघडत होती, शंकरपाळे मूठमूठ घेऊन जात होती. झाकण असं घट्ट की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागायचं आणि निघताना टण्णदिशी मोठा आवाज व्हायचा. मी भांडायला आलेली बाई, भांडायचंच विसरले. वर आल्यावर मंदारला म्हटलं, खाली एक दुष्ट म्हातारी राहते, गरिबाच्या पोरीला शंकरपाळा देत नाही.

दिवाळीत रेवा आली. आईबाबा तिला घेऊन विमानानं आले, चार दिवसांसाठी. आणि काय सांगू, मला पोरीचा केवढा अभिमान वाटला! आम्ही पुणं सोडलं तेव्हा ती अशी नव्हती. पुण्यात आमच्या घरी होती तेव्हा पसारा करायची, हट्ट करायची, दूध नको म्हणून पेला सरकवायची. आता एकदम वळण लागलेलं. "आई, मी पाणी पिऊ का?" "आई, फ्रिज उघडू का?" "मी या खुर्चीवर बसू का?" संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालून आपल्या बॅगेत ठेवायची. मी कपाटात तिच्यासाठी दोन कप्पे रिकामे केले होते, तरी बॅगेतच. आईला म्हटलं, काय जादू केलीस गं? आई खूश. मंदारच्या ऑफिसातली दोन कुटुंबं फराळाला आली होती, ती तर बघतच राहिली. आमच्या पुण्याच्या घरांत वळण या गोष्टीचं फार मोठं प्रस्थ आहे. मूल हुशार नसलं तरी चालेल, पण पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागलं पाहिजे. मीही त्याच मुशीतली. मुलगी माझ्याशी शहाण्यासारखी वागतेय आणि मी तिची आई आहे, पाहुणी नव्हे, हे गणित काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तिला मिरवायला म्हणून मी फराळाचं ताट घेऊन तिच्यासह खाली गेले. रूथताईंनी तिच्याकडे पाहिलं, हसल्या. रेवानं नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, मी इथे बसू का?" रूथताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "आजी, बसू का?" खिडकी. माझी पोर हात जुळवून उभी. एक मिनिट, दोन मिनिटं... मी म्हटलं, "बस गं बाळा, यांना कमी ऐकू येतं." त्यावर माझ्याकडे वळून रूथताई म्हणाल्या, "वैशाली, तू जरा स्वयंपाकघरात ये." आत नेऊन म्हणाल्या, "ही तुझ्या घरी पाहुणी म्हणून आलीय, दिसत नाही का तुला? घरचं पोर असं वागत नाही. घरचं पोर मारामाऱ्या करतं, फ्रिज उघडा टाकतं. तिला घेऊन ये इकडे. दोन वर्षं-बिर्षं काही नाही. आता." माझं डोकंच सणकलं. काय अधिकार या बाईचा? मी जे बोलले ते लिहायला आजही लाज वाटते, पण लिहायलाच हवं. मी म्हटलं, "तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार?" त्या चिडल्या नाहीत. गॅसवरचं दूध उतू जात होतं, ते आधी बंद केलं. मग म्हणाल्या, "मूल नाही मला. पण मी मूल होते ना." मी ताट तिथेच ठेवून रेवाला घेऊन वर आले.

त्यांच्याशी बोलायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. ते ठरवणं दीड दिवस टिकलं. परत निघायच्या दिवशी आम्ही विमानतळावर पोचवायला गेलो. आईबाबा रांगेत पुढे गेले, रेवा माझ्यापाशी मागे थांबली, माझा हात हातात घेतला आणि सुरेख हसून म्हणाली, "येते हं आई. तुमच्याकडे खूप मजा आली." तुमच्याकडे! सहा वर्षांचं माझं लेकरू, मी जन्म दिलेलं, मला म्हणतंय, तुमच्याकडे खूप मजा आली... आणि मी, मूर्ख बाई, सवयीनं म्हणाले, "परत ये हं." ती आत गेली. हात हलवला. रडली नाही. टॅक्सीत मंदार काहीतरी बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं. घरी पोचलो, मी वर गेलेच नाही. तळमजल्याच्या उघड्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "रूथताई, आत येऊ का?" त्या खुर्चीत वाचत बसलेल्या. पान उलटलं, वर पाहिलं नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा पान उलटलं. मग कुठे मला कळलं. मी आत गेले, त्यांच्या मांडीशी जमिनीवर बसले आणि भोकाड पसरलं.

त्या दिवशी त्यांनी त्यांचं सगळं सांगितलं. त्यांची आई दिल्लीत नर्स, वडील कंपाउंडर, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला क्वार्टर. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, म्हणून रूथ चार वर्षांची असताना तिला नगरला मावशीकडे ठेवली. "मावशी वाईट होती असं समजू नकोस बिल्कुल," त्या म्हणाल्या. "जीव लावायची. पण तिची तीन मुलं होती आणि मी चौथी. कुणी न सांगता मला कळायचं, की आपण त्रास द्यायचा नाही. आईला पत्रात लिहायचे, मी खुशाल आहे. मावशी शेजारी बसून शुद्धलेखन तपासायची, अजून काय लिहिणार?" दहाव्या वर्षी आईनं दिल्लीला आणलं. क्वार्टरमधल्या शेजारणींना आई कौतुकानं सांगायची, माझी रूथ विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. मग एकदा दाढ दुखायला लागली. चार दिवस रूथनं कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी आई ड्युटीवरून आली तर गाल हा एवढा सुजलेला, अंगात ताप. का नाही बोललीस, तर म्हणे, तुम्हाला त्रास नको म्हणून. "आई नर्स होती गं. रोज शंभर माणसांची दुखणी बघायची. आणि घरात स्वतःची पोर दुखणं लपवत होती." दाढ काढली, औषध झालं, आणि त्या दिवसापासून रूथची आई बहिरी झाली. घेऊ का, बसू का, उघडू का... ऐकूच यायचं नाही तिला. बाकी सगळं ऐकू यायचं. "मला असा राग आला! मी पण हट्टी. एक अख्खा दिवस पाणी प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले माठाशी, घेतला पेला, गटागटा प्यायले, पेला आपटला. मागे बघते तर आई दाराआड पदर तोंडात कोंबून रडतेय."

मग डब्याचं कोडंही सुटलं. रूथताईंच्या हॉलमध्ये येणारं जवळजवळ प्रत्येक पोर कुठून तरी उचलून आणलेलं होतं, नाहीतर कुठेतरी ठेवून मग आणलेलं. उत्तर प्रदेशातल्या बांद्याहून, माल्द्याहून, पुण्याहून. वॉचमनच्या मुली कापणीला गावी जायच्या आणि परतल्या की त्यांचं पुन्हा 'ले लूँ?' सुरू. रूथताई मग पहिल्यापासून बहिऱ्या. गाडी स्टेशनात लागली म्हणजे मूल पोचलं असं होत नाही, हे त्यांचं ठाम मत. ज्या दिवशी ते न विचारता डब्यात हात घालेल त्या दिवशी ते पोचलं. चोरून घेतलेलं मोजायचं नाही, म्हणून तर झाकण तसलं. मी एकदा नवा, हलक्या झाकणाचा डबा आणून दिला तर त्यांनी त्यात मोहरी भरली. सबीना पोचली तो दिवस मी पाहिला. उठली, चमचा घेतला, झाकण उडवलं, टण्ण! रूथताई मटार सोलत होत्या, त्यांनी वर पाहिलंही नाही. फक्त संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आज सबीना पोचली." आणि लहान पोरीसारख्या दोन-दोन पायऱ्या गाळत उतरल्या.

रेवाला मी एप्रिलमध्ये आणलं. हे सोपं झालं असं कुणी समजू नये. बाबा म्हणाले, त्या धुरात नेतेस पोरीला, मला पटत नाही. आईनं रेवाचा डबा भरायचं पितळी भांडं घासूनपुसून सामानात दिलं. तिचं घर मी रिकामं केलं, हे मला ठाऊक आहे. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. चूक माझी होती आणि निस्तरणंही माझंच काम होतं. ऑफिसात साहेबांशी भांडून पाचला निघायची परवानगी काढली. बढती गेली, जाऊ दे. आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिनं पहिले दोन महिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आजी पाहिजे म्हणून उशीत तोंड खुपसून रडायची आणि मी खोलीत गेले की डोळे पुसून विचारायची, "आई, काही काम आहे का?" मीही बहिरी झाले. तुम्हाला सांगते, जगात याच्याइतकं अवघड काम नाही. तहानलेलं पोर समोर उभं राहून 'पिऊ का' विचारतंय आणि आपण कांदा चिरायचा. दोनदा मी हरले, पटकन ग्लास भरून दिला. रूथताईंना कसं कोण जाणे कळायचं. "दिलंस ना? चलो, पुन्हा पहिल्यापासून."

अकरा शनिवार रेवा त्या डब्यासमोर गेली आणि परत आली. प्रत्येक शनिवारी मी जिन्यात उभी राहून रूथताईंकडे बघायची, त्या मान हलवायच्या. बाराव्या शनिवारची वाट बघायची वेळच आली नाही. जुलैचा महिना, मरणाचा उकाडा, लाईट गेलेले. रेवा शाळेतून आली, दप्तर दारात फेकलं, बूट एक इकडे एक तिकडे, फ्रिज उघडला, बाटली तोंडाला लावली, आणि ओरडली, "आई! पाणी गार का नाहीये? तू बाटल्या भरतच नाहीस! आजी भरून ठेवायची!" आणि पाय आपटत खोलीत जाऊन दार धाडकन लावून घेतलं. मी तशीच, पिठाच्या हातांनी, तीन मजले धावत खाली. "रूथताई, रूथताई! तिनं फ्रिज उघडला! न विचारता! मला ओरडली!" त्या पलंगावर आडव्या होत्या, उठून बसल्या. "फ्रिज लावला का परत?" "नाही, उघडाच टाकला." "मग बिल्कुल पोचली," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसायला लागलो ते प्रेसवाले भैया बाहेरून डोकावून बघेपर्यंत. पुढच्या शनिवारी झाकणही वाजलं. त्यानंतर आजतागायत माझी लेक मला कशाबद्दलही विचारत नाही. माझे कुर्ते घालते, माझी कानातली हरवते, तोंडाला तोंड देते. पाहुणे विचारतात, जरा जास्तच नाही का झालं? मी म्हणते, होऊ दे.

लोक सहज बोलून जातात, मुलं काय, पाण्यासारखी असतात, ज्या भांड्यात ओताल त्या आकाराची होतात. मीही हे वाक्य अनेकदा फेकलंय. रूथताईंना त्याची चीड होती. मुलं कुठेही रुजतात यावर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास होता. नोएडात, मानेसरच्या चाळीत, कुठेही. पण रुजायला जागा आपली वाटावी लागते, आणि शहाणपणाला, गुणीपणाला भुलून आपण तीच जागा नाकारतो, असं त्यांचं म्हणणं. गाव सोडू नका, नोकऱ्या करू नका, असलं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे कुठे आहेत. सबीना नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करतेय. अंत्यविधीच्या दिवशी तिनं आल्या आल्या मला बाजूला सारून चहाचं आधण ठेवलं, साखर कुठे आहे हेसुद्धा विचारलं नाही.

गंमत म्हणजे शेवटची दोन वर्षं रूथताईंना खरोखरच कमी ऐकू यायला लागलं होतं. यंत्र घ्या म्हणून मी मागे लागले तर म्हणाल्या, "शनिवारी काय करू मग? पोरांचं विचारणं ऐकू येईल ना." अखेरीस यंत्र आणलं, पण शनिवारी ते ड्रॉवरमध्येच असायचं. पावसाळ्यानंतर छातीत कफ झाला, मग न्यूमोनिया, मग हॉस्पिटल. शेवटची भेट सोमवारी संध्याकाळी. नळ्या लावलेल्या, पण डोळे टक्क. मी रेवाच्या तक्रारी सांगितल्या, त्यांना त्या फार आवडायच्या. सात वाजत आले, मला एक ऑफिसचा कॉल होता. मी वाकून विचारलं, "रूथताई, निघू का मी?" त्यांनी खिडकीकडे मान वळवली. मी कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "निघू का?" खिडकी. यंत्र कानात होतं की नव्हतं ते मी पाहिलं नाही आणि पाहायचंही नव्हतं. कॉल गेला खड्ड्यात म्हटलं, स्टूल ओढलं आणि बसले. भेटीची वेळ संपेपर्यंत त्यांचा हात धरून बसले होते. नर्सनं उठवलं तेव्हा उठले.

आता त्यांचा फ्लॅट बंद आहे. अनिल, त्यांचा नगरचा भाचा, सामान आवरून गेला. आम्हाला काय हवं विचारलं, त्याआधीच रेवानं डबा उचलून वर आणला होता. पुढच्या शनिवारी मी बाजारातून आले तर आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत गलका. रेवानं हॉलमधला सोफा भिंतीला लावला होता, माझ्या चांगल्या चादरी जमिनीवर अंथरल्या होत्या. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि मैदा मळायला घेतला.

नवी मुलगी आहे, गुड्डी. सात वर्षांची, तिकडे बांद्याजवळच्या महोब्याची. बाप आमच्या इमारतीचा नवा वॉचमन, पोर वर्षभर काकीकडे होती. पहिल्या शनिवारी ती डब्याशी हात मागे बांधून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आंटी, एक ले लूँ?" माझ्या तोंडून 'ले ना बेटा' निघणारच होतं, तेवढ्यात समोर रेवा दिसली. ती मटार सोलत होती, खिडकीबाहेर बघत, ढिम्म. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिच्या परातीतले मटार सोलायला लागले. पाच शनिवार असे गेले. काल सहावा. मी स्वयंपाकघरात होते, आणि हॉलमधून आवाज आला, टण्ण! त्याआधी कुणाचंच विचारणं ऐकू आलं नव्हतं. रेवा आत आली, माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, गुड्डी पोचली." मी पिठाचे हात तसेच, धावत दाराबाहेर, रूथताईंना सांगायला... एक अख्खा जिना उतरले तेव्हा आठवलं. कठड्याला धरून तिथेच थांबले. मग वर आले. डब्यात तळाला चार शंकरपाळे उरले होते, दुसरा घाणा घालायला हवा होता.